मोटर बदलायची घाई नको, आधी ती निर्दोष आहे का ते तपासा



बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या धंद्यात उतरायचंय असं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "सर, कोणाची डीलरशिप घेऊ?" माझं उत्तर थोडं निराश करणारं आहे. डीलरशिप नंतर बघू. आधी तपासणी शिका. एखादी गोल्फ कार्ट बंद पडलेली असेल, तर तिची मोटर खराब आहे की नाही हे तासाभरात, पुराव्यासकट आणि लेखी सांगता येईल, एवढं शिका. या एका कौशल्यावर धंदा उभा राहतो. ते नसेल तर मोटरींनी भरलेलं गोडाऊनही तुम्हाला वाचवू शकत नाही.

गोल्फ कार्ट म्हटलं की डोळ्यासमोर साहेब लोकांचं गोल्फचं मैदान येतं. पण आपल्याकडे या गाड्या मैदानापेक्षा बाहेरच जास्त दिसतात. लोणावळा-महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचं सामान नेतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात लहान मुलांना आणि आजी-आजोबांना फिरवतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर, हॉस्पिटलच्या आवारात, कारखान्यांत, मोठ्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये आहेत. कोणी त्यांना बग्गी म्हणतं, कोणी नुसतं बॅटरी कार. अमेरिकेतल्या ई-झी-गो आणि क्लब कार या जुन्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, बेंगळुरूच्या मैनीच्या आहेत, पुण्याची कायनेटिक ग्रीनही या बाजारात आहे. गाड्या वाढतायत. पण त्या बंद पडल्यावर नीट निदान करणारा माणूस पुण्या-मुंबईबाहेर शोधावा लागतो. तुमची संधी तिथे आहे.

"मोटर गेली" हे वाक्य इतकं महाग का?

गाडी चालत नाही. मेकॅनिक येतो, पॅडल दाबून बघतो, म्हणतो, "मोटर गेली." हे म्हणणं सगळ्यात सोपं, कारण गाडी मोटरवर चालते हे गिऱ्हाइकालाही पटतं. नवी मोटर मागवली जाते. यायला दिवस लागतात. तोपर्यंत ऐन सीझनमध्ये गाडी उभी, ड्रायव्हर रिकामा, पाहुणे चढ चालून दमलेले. मोटर येते, बसते आणि गाडी तरीही चालत नाही. कारण दोष होता एका गंजलेल्या लगमध्ये.

आता सांगा, त्या मोटरचे पैसे कोणाच्या अंगावर? गिऱ्हाईक म्हणतो, तुमच्या. पुरवठादार म्हणतो, एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही. नव्या उद्योजकाचं भांडवल असं एका चुकीच्या निदानात बुडतं. आणि त्या रिसॉर्टच्या मॅनेजरने चार ठिकाणी तोंड उघडलं की नावही जातं.

माझं स्पष्ट मत सांगतो. या गाड्यांमध्ये मोटर हा मजबूत भाग आहे. संशय आधी बॅटरीवर घ्या, मग जोडण्यांवर, मग सोलेनॉइड आणि कंट्रोलरवर. मोटरचा नंबर शेवटी.

आधी मोटर ओळखा

मोटरची जात कळल्याशिवाय तिला मीटर लावू नका. ढोबळमानाने तीन जाती भेटतील.

पहिली, सिरीज डीसी मोटर. जुन्या गाड्यांमध्ये हीच. तिच्यावर चार जाड टर्मिनल असतात: ए-१, ए-२ आर्मेचरची आणि एस-१, एस-२ फिल्डची. आर्मेचर आणि फिल्ड एकामागे एक जोडलेले, म्हणजे दोन्हीतून तोच करंट जातो. त्यामुळे जागेवरून उठताना जोर प्रचंड. पण हिचा एक स्वभाव पक्का लक्षात ठेवा. भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिलं तर हिचा वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटू शकतं. म्हणून टेबलावर ठेवलेल्या सिरीज मोटरला ३६ किंवा ४८ व्होल्ट कधीही द्यायचे नाहीत.

दुसरी, सेपरेटली एक्सायटेड मोटर. बाजारात हिला सेपेक्स म्हणतात, काही जण शंटही म्हणतात. टर्मिनल ए-१, ए-२ आणि एफ-१, एफ-२. दिसायला पहिलीसारखीच, पण फिल्डच्या तारा बारीक आणि वेढे जास्त. फिल्डला कंट्रोलर वेगळा करंट देतो. बऱ्याच गाड्यांमध्ये शाफ्टच्या टोकाला चुंबक आणि वेग मोजणारा सेन्सर असतो. तो सेन्सर बिघडला की गाडी हळू किंवा अडखळत चालते, आणि दोष नाहक मोटरवर येतो.

तिसरी, एसी मोटर. तीन जाड तारा: यू, व्ही, डब्ल्यू. कार्बन नाहीत, कॉम्युटेटर नाही. बॅटरीचा डीसी करंट कंट्रोलर एसी करून हिला देतो. हिला थेट १२ व्होल्टची बॅटरी लावून फिरवता येत नाही. तसा प्रयत्न करणाऱ्याला मोटर कळलेलीच नाही, असं समजा.

तपासणीचा क्रम हीच तुमची पुंजी

सुरुवात मीटरने करायची नाही, प्रश्नांनी करायची. गाडी एकदम बंद पडली की हळूहळू जोर कमी झाला? चढावर बंद पडली का? आदल्या दिवशी पाइपने धुतली होती का? बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं? ड्रायव्हरला विचारा, मॅनेजरला नाही. गाडी रोज कोण चालवतं, खरं त्यालाच माहीत असतं.

मग सुरक्षितता. अंगठी, घड्याळ, कडं काढा. पान्याला इन्सुलेशन हवं. बॅटरीच्या दोन टोकांवर उघडा पाना पडला तर तो लाल होतो, वितळतो, बॅटरीही फुटू शकते. पुढच्या चाकांना ओट लावा, मागची चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. गाडीला रन-टो स्विच असेल तर टो वर करा. जोडण्या सोडवण्याआधी मुख्य निगेटिव्ह केबल काढा. त्यानंतरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो कंपनीच्या पुस्तकातल्या पद्धतीने उतरवा.

पहिली पायरी, बॅटरी. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेली ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साधारण ५०.९ व्होल्ट दाखवते, ३६ ची साधारण ३८.२. पण उभ्या गाडीचं व्होल्टेज बघून खूश होऊ नका. गाडी चालती असेल तर खरी परीक्षा भाराखाली असते. एकाने चढावर गाडी चालवायची आणि दुसऱ्याने प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज बघायचं. समजा, ६ व्होल्टच्या सात बॅटऱ्या ५.८ च्या आसपास थांबल्या आणि एक थेट ५ च्या खाली गेली. चोर सापडला. मोटर तशीच राहू द्या.

दुसरी पायरी, जोडण्या. इथे थोडं गणित करूया. चढावर अशी गाडी २०० अँपिअरही ओढू शकते. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या लगमध्ये ०.०१ ओहम इतकाच अडथळा असेल, तर तिथे २ व्होल्ट वाया जातात आणि ४०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे एका नटाखाली जवळजवळ अर्धी इस्त्री तापतेय! आणि हा ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या लीडचा रेझिस्टन्स त्यापेक्षा जास्त असतो. म्हणून जोडणी ओहममध्ये मोजायची नाही. भार चालू असताना तिच्या दोन बाजूंना व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. ही एक गोष्ट नीट शिकलात तरी निम्म्या मेकॅनिकांच्या पुढे गेलात.

तिसरी पायरी, सोलेनॉइड. पॅडल दाबल्यावर "टक्" आवाज आला म्हणजे सोलेनॉइड चांगला, हा मोठा गैरसमज आहे. आवाज कॉइलचा असतो. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी आवाज येतो. "टक्" झाल्यावर त्याच्या दोन जाड टर्मिनलमध्ये मोजा. जवळजवळ शून्य आलं तर ठीक. बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर सोलेनॉइड आतून जोडतच नाही.

चौथी पायरी, मोटरच्या दारात. सिरीज मोटर असेल तर चाकं उचललेली असताना, पॅडल दाबून, मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज येतंय का बघा. आर्मेचरवर आणि फिल्डवर, दोन्ही जोड्यांवर वेगवेगळं मोजा. कारण फिल्ड तुटलेलं असेल तर सगळं व्होल्टेज फिल्डवरच दिसेल आणि आर्मेचरवर शून्य. नुसतं आर्मेचर मोजणारा माणूस "कंट्रोलर गेला" म्हणून मोकळा होईल. दोन्हीवर काहीच नसेल तर दोष मोटरच्या आधी आहे. व्होल्टेज पोहोचतंय आणि मोटर ढिम्म, तर मात्र मोटरवरचा संशय रास्त.

आता मोटर हातात घ्या

केबलवर खुणा करा, फोटो काढा, मग सगळ्या केबल मोटरपासून सोडवा. सिरीज मोटरमध्ये ए-१ ते ए-२ जोड दिसला पाहिजे, एस-१ ते एस-२ जोड दिसला पाहिजे. ए आणि एस यांच्यात जोड दिसता कामा नये. चारपैकी कोणतंही टर्मिनल आणि मोटरची बॉडी यांच्यातही नाही. सेपेक्सलाही हाच नियम, फक्त फिल्डचा रेझिस्टन्स सिरीजच्या फिल्डपेक्षा जास्त येतो. किती हवा तो आकडा त्या मोटरच्या पुस्तकातून घ्या.

पण मित्रांनो, मीटरचा "बीप" हा अंतिम निकाल नाही. फिल्डचे किंवा आर्मेचरचे दोन वेढे आपसात शॉर्ट झाले तरी बीप येतोच. आर्मेचरसाठी ग्रोलर लागतो. तो विकत घेऊ नका. गावातल्या डायनॅमो-स्टार्टर रिपेअरिंगवाल्याशी किंवा डीसी काम करणाऱ्या वाइंडिंगवाल्याशी ओळख करा. त्याचं काम त्याला द्या, पैसे द्या. नुसते शेतीपंप भरणारा कारागीर कितीही चांगला असला तरी डीसी आर्मेचर त्याने हाताळलंय का, ते आधी विचारा.

बॉडीला गळती आहे का ते बघायला मेगर वापरा. पण कंट्रोलर पूर्ण सोडवल्याशिवाय मेगरचं हँडल फिरवलं तर मोटर तपासता तपासता कंट्रोलर मारून बसाल. कोकणातली दमट हवा आणि आत साचलेली कार्बनची पूड एकत्र आली की गळती दिसते. अशी मोटर नेहमी मेलेली नसते. साफ करून, नीट वाळवून पुन्हा मोजा.

सिरीज मोटर फिरवून बघायची असेल तर फक्त १२ व्होल्ट. ए-२ आणि एस-१ जाड केबलने जोडा, ए-१ आणि एस-२ ला बॅटरी द्या. मोटर हिसका देते म्हणून ती घट्ट बांधलेली हवी. शेवटची जोडणी बॅटरीपासून लांब करा, ठिणगी बॅटरीजवळ नको. काही सेकंद पुरेत. सेपेक्सवर मात्र फिल्डला करंट नसताना आर्मेचरला बॅटरी लावायची नाही.

आणखी एक सांगतो, इथे नवखे हमखास फसतात. ई-झी-गो आणि क्लब कारच्या बऱ्याच डीसी मोटरींमध्ये बेअरिंग एकाच बाजूला असतं. दुसरी बाजू गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टेकते. त्यामुळे सोडवलेल्या मोटरचा शाफ्ट हलतोच. तो हलला म्हणून "बेअरिंग गेलं" असं सांगू नका.

एसी मोटरचं वेगळं. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा हवा, बॉडीला गळती नको. त्यानंतर कंट्रोलरचा फॉल्ट कोड आणि सेन्सर. रेझिस्टन्स इतका कमी असतो की साध्या मीटरने फक्त तुटलेली तार कळते, बारीक फरक कळत नाही. तेवढी हत्यारं नसतील तर तसं कागदावर लिहून द्या. त्यात कमीपणा नाही.

मोटर का जळली, याचं उत्तर विकलं जातं

समजा, मोटर खरोखर गेली आहे. तरी काम संपलं नाही. कव्हर काढून कॉम्युटेटर बघा. सगळीकडे एकसारखा चॉकलेटी रंग असेल तर तब्येत चांगली. ठरावीक पट्ट्याच जळलेल्या असतील आणि त्या कार्बनच्या अंतरावर असतील, तर ड्रायव्हरची एक सवय पकडली गेली. चढावर गाडी थांबवताना तो ब्रेक दाबत नाही, पॅडलवर गाडी धरून ठेवतो. मोटर फिरत नाही, करंट मात्र वाहत राहतो, तोही त्याच दोन-चार पट्ट्यांमधून. पाचगणी-महाबळेश्वरसारख्या चढउतारावर ही सवय मोटर खाते.

आता विचार करा. तुम्ही नवी मोटर बसवून निघून गेलात, तर तोच ड्रायव्हर तीही जाळेल. तुम्ही मॅनेजरला जळलेल्या पट्ट्या दाखवल्या, ड्रायव्हरला शांतपणे पाच मिनिटं समजावलं, ब्रेक घासत नाहीत ना ते चाक हाताने फिरवून बघितलं, तर तुम्ही त्या गिऱ्हाइकाची पुढची मोटर वाचवली. ते गिऱ्हाईक तुम्हाला सोडणार नाही. आणि ड्रायव्हरवर ओरडू नका. त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

फी घ्या, आणि ती बिलात वळती करू नका

इथे बरेच जण माझ्याशी भांडतात. "सर, आपल्याकडे चेकिंगचे पैसे कोणी देत नाही. पुढचा फुकट बघतो." बरोबर आहे, फुकट बघणारे आहेत. पण फुकट बघणाऱ्याचं पोट कशावर चालतं? पार्ट विकण्यावर. म्हणजे त्याला काहीतरी खराब सापडायलाच हवं! दोष फक्त सैल नटाचा निघाला तर त्याचा दिवस वाया. मग माणूस कितीही सरळ असला तरी नजर मोटरकडेच वळते.

मधला मार्ग म्हणून काही जण म्हणतात, "फी घेतो, पण काम दिलं तर बिलातून वजा करतो." ऐकायला छान वाटतं. पण घोटाळा तोच. मोठं काम निघालं तरच गिऱ्हाइकाची फी वाचणार, आणि तुमचीही कमाई कामातच. माझं मत, तपासणीची फी वेगळी, ठरलेली, आधी सांगितलेली. दोष पाच रुपयांच्या वॉशरचा निघो की मोटरचा, फी तीच. मग "तुमची मोटर चांगली आहे" हे वाक्य बोलताना तुमचं नुकसान होत नाही. धंद्यात खरं बोलणं परवडलं पाहिजे, तशी रचना आपणच करायची असते.

हे प्रत्येक गिऱ्हाइकाला पटेल का? नाही. एकच जुनी गाडी असलेला माणूस कदाचित घासाघीस करेल. सुरुवात संस्थांपासून करा. रिसॉर्ट, हॉस्पिटल, सोसायटी, कारखाना इथे मॅनेजरला वर हिशोब द्यावा लागतो. त्याला तुमच्या हातचा एक कागद हवा असतो. गाडीचा नंबर, मोटरची जात, प्रत्येक बॅटरीचं भाराखालचं व्होल्टेज, सोलेनॉइडचा ड्रॉप, मोटरची रीडिंग, फोटो, निष्कर्ष, सही. हाच कागद दर तीन महिन्यांनी दिलात की वार्षिक देखभालीचं कंत्राट मागायला तोंड उरतं. आणि जुन्या गाड्या विकत घेऊन भाड्याने द्यायचा विचार करणारे असतात, त्यांना खरेदीआधीचा असा कागद म्हणजे विमाच.

हत्यारांमध्ये एकच सावधगिरी. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो का ते दुकानातच बघा. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात आणि या गाडीवर शून्य दाखवत बसतात. बाकी चांगला मल्टिमीटर, हायड्रोमीटर, मेगर, १२ व्होल्टची बॅटरी, जाड केबल, स्टँड, इन्सुलेटेड पाने. लिथियम बॅटरीचा पॅक मात्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय उघडू नका.

या आठवड्याचं काम देतो. तुमच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात अशा गाड्या कुठे कुठे आहेत, त्याची यादी करा. प्रत्येक ठिकाणी जाऊन दोनच गोष्टी विचारा: गेल्या वर्षात गाडी किती दिवस उभी होती, आणि तेव्हा कारण काय सांगितलं गेलं. किती ठिकाणी "मोटर गेली" हे उत्तर मिळतं ते मोजा. मग विचारा, "मोटर गेली हे कोणी मोजून, लिहून दिलं होतं का?" ज्यांच्याकडे असा कागद नाही, ती तुमची पहिली गिऱ्हाइकं.